जेजुरीचा भंडारा आणि सेन्सरवरचे सदतीस ठिपके

बुधवारी संध्याकाळी भाचा कॅमेऱ्याची बॅग छातीशी धरून स्टुडिओच्या दारात उभा राहिला. "आत्या, सेन्सर गेला."

सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो टिपणारा भाग, असा जात नाही, पण त्या घडीला हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. आधी पाणी दिलं, मग हकिकत विचारली. सोमवारी सोमवती अमावस्या होती. हा पहाटेच दुचाकी काढून जेजुरीला गेला. गडावर आणि मग पालखीबरोबर कऱ्हा नदीपर्यंत १,१४० फ्रेम काढल्या. रात्री मोठ्या पडद्यावर फोटो उघडले, तर आभाळभर राखाडी ठिपके. मंगळवारी एका दुकानात कॅमेरा दिला, तो दहा मिनिटांत "एकदम क्लीन" होऊन परत आला. बुधवारी दुपारी पाहिलं तर ठिपके कमी झाले होते खरे, पण त्यांच्या जोडीला आडवे फराटे आले होते. आणि पुढच्या शुक्रवारी कॉलेजच्या प्रदर्शनासाठी सहा फायली द्यायच्या होत्या. प्रिंट २० बाय ३० इंचांची.

माझा धंदा भांडी, दागिने, तेलाच्या बाटल्या पांढऱ्या कागदावर ठेवून त्यांचे फोटो काढण्याचा. मागे शुभ्र पांढरं आणि अॅपर्चर एफ/१३ किंवा एफ/१६, म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक; हा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान. सेन्सरवर कण बसला की पहिल्याच फ्रेममध्ये चुगली होते. म्हणून घरातल्या सगळ्यांचे कॅमेरे फिरून फिरून माझ्याकडे येतात. पण या प्रकरणात सेन्सर साफ करणं हा सगळ्यात सोपा भाग निघाला. गुंता वेगळ्याच ठिकाणी होता.

आधी परीक्षा

कॅमेरा फुलफ्रेम डीएसएलआर, २४ मेगापिक्सेल. मी काहीही पुसायच्या आधी एक चाचणी-फोटो घेतला. आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) १००, एफ/२२, फोकस मुद्दाम बिघडवलेला, समोर संगणकाच्या पडद्यावर पांढरी कोरी फाइल, आणि शटर उघडं असताना कॅमेरा थोडा हलवत ठेवला. हलवल्यामुळे पडद्यावरची घाण आणि पिक्सेलची जाळी पुसट होते. सेन्सरवरचा कण मात्र सेन्सरबरोबरच हलत असल्यामुळे ठाम दिसतो. मग त्या फायलीचा कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवला.

चौदा ठिपके. मधोमध तीन आडवे, ओल्या फडक्याने काच पुसल्यावर राहतात तसे फराटे. उजवीकडे एक गोल कडं, आत फिकट आणि कडेला गडद. असं कडं बहुधा वाळलेल्या थेंबाचं असतं. मी भाच्याकडे नुसतं पाहिलं.

"सोमवारी रात्री एकदाच फुंकर मारली होती, आत्या."

तोंडाने. म्हणजे थुंकीचा थेंब. असो.

लेन्सवरची धूळ नाही ना, हे लेन्स बदलून पाहिलं की कळतं. ठिपके जागचे हलले नाहीत तर ते सेन्सरवरचे. खरं म्हणजे "सेन्सरवरचे" हेही बोलण्यापुरतं. कण सेन्सरवर बसत नाही, त्याच्या पुढच्या काचेच्या फिल्टरवर बसतो, म्हणजे सेन्सरच्या पृष्ठभागापासून साधारण मिलिमीटरभर पुढे. फोटोत येते ती त्याची सावली. भाच्याला एक गोष्ट उमजत नव्हती. ठिपके एफ/१६ वर काढलेल्या फोटोंत होते; त्याच दिवशी एफ/२.८ वर काढलेल्या फोटोंत एकही ठिपका नव्हता, आणि त्याला वाटत होतं की कॅमेरा मधूनच बिघडतो आणि मधूनच बरा होतो.

ट्यूबलाइटखाली टाचणी धरा, भिंतीवर धड सावली पडत नाही. मोबाइलच्या टॉर्चसमोर तीच टाचणी धरा, सावली रेखीव पडते. अॅपर्चर मोठं उघडलं की सेन्सरकडे येणारा प्रकाश ट्यूबलाइटसारखा सगळीकडून येतो. एफ/१६ ला तो टॉर्चसारखा एका बारीक भोकातून येतो. हिशोबही अवघड नाही: कणाची सेन्सरपासूनची उंची भागिले एफ-क्रमांक म्हणजे सावलीची कड किती पसरेल ते. १ मिलिमीटर उंचीवरच्या कणाची कड एफ/२.८ ला ०.३६ मिलिमीटर पसरते, एफ/१६ ला फक्त ०.०६. त्याच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा (०.००६ मिलिमीटर), म्हणजे पहिल्या बाबतीत साठ पिक्सेलभर पसरलेली, असून नसल्यासारखी धूसर छाया आणि दुसऱ्या बाबतीत दहा पिक्सेलच्या काठाचा उठून दिसणारा ठिपका. २० बाय ३० इंचांच्या प्रिंटवर असा एकेक ठिपका खसखशीच्या दाण्याहून मोठा आणि तिळाहून थोडा लहान दिसला असता.

मग एफ/१६ कशाला?

"सगळं शार्प यावं म्हणून," तो म्हणाला. पुढच्या माणसाच्या मुठीतला भंडारा आणि मागची दीपमाळ, दोन्ही.

हेतू बरोबर, आकडा चुकीचा. तो बहुतेक वेळ २४ मिलिमीटरवर होता. २४ मिलिमीटरला एफ/८ ठेवून फोकस साधारण अडीच मीटरवर केला की सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. त्याचा पुढचा माणूस दीड-दोन मीटरवर होता. म्हणजे एफ/१६ ने त्याला वर काही मिळवून दिलं नाही, उलट तीन गोष्टी नेल्या. एक, ठिपके उघडे पाडले. दोन, इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि बिंदूचा भुगा होतो. एफ/१६ ला हा भुगा सुमारे २१ मायक्रॉनचा, म्हणजे साडेतीन पिक्सेलचा. शार्पनेससाठी घेतलेलं अॅपर्चर शार्पनेसच खात होतं. तीन, हवेत उडणारा भंडारा गोठवायला १/८०० शटर हवं होतं, त्यामुळे भर उन्हात आयएसओ ८०० करावा लागला. एफ/८ ला तेच काम आयएसओ २०० मध्ये झालं असतं.

बरं, एफ/८ वर धूळ अदृश्य झाली असती का? नाही. पण तिच्या कडा दुप्पट मऊ झाल्या असत्या आणि गर्दी, पायऱ्या, दगडी तट असल्या भागांत ती शोधूनही सापडली नसती. आभाळात मात्र दिसलीच असती.

ठिपके वाढवण्यात कॅमेऱ्याच्या आतल्या आणखी एका सेटिंगचा हात होता. त्याने ‘व्हिव्हिड’ हे भडक रंगांचं सेटिंग लावून ठेवलं होतं, वर क्लॅरिटी चढवलेली. क्लॅरिटी म्हणजे काय, तर मधल्या आकाराच्या तपशिलांचा कॉन्ट्रास्ट वाढवणे, आणि सेन्सरचा ठिपका नेमका त्याच आकाराचा. पुसट ठिपक्यांना त्याने हाताने काजळ लावल्यासारखं झालं होतं. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल, कॅमेऱ्याने जेपेग करण्याआधीची) उघडून ते सगळं शून्यावर आणलं, तेव्हा एक तृतीयांश ठिपके मनावर न घेण्याइतके फिके पडले.

पिवळा रंग

इथे मी ठिपके बाजूला ठेवले, कारण त्याचे जेपेग पाहून मला वेगळीच काळजी वाटली. भंडारा हळदीसारखा दिसतच नव्हता. जिथे ऊन होतं तिथे पिवळा रंग ओतल्यासारखा सपाट, कणांचं पोत नाही, ढगाची घडी नाही. आणि जिथे सावली होती तिथे फिक्या लिंबासारखा.

सपाटपणाचं कारण लाल वाहिनी, म्हणजे फोटोतल्या लाल रंगाचा हिस्सा. हळदीच्या पिवळ्यात लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ नाहीच. उन्हात लाल आधी काठोकाठ भरतो. भाचा हिस्टोग्राम पाहत होता, पण एकच पांढरा, उजेडाचा. त्या आलेखात हिरव्याचं वजन सगळ्यात जास्त असतं; लाल ओसंडून वाहत असतानाही तो आलेख मध्यावर शहाण्यासारखा बसलेला दिसतो. मेनूत जाऊन तीन रंगांचे वेगळे आलेख सुरू केले असते तर पहिल्या दहा फ्रेममध्ये कळलं असतं आणि दोन तृतीयांश स्टॉप उजेड कमी करून भागलं असतं. त्यात ‘व्हिव्हिड’ने रंग आणखी ताणले. तिकडे निळी वाहिनी तळाला जाऊन चिकटली, इकडे लाल छताला. पोत उरणार कुठून?

फिकेपणा ऑटो व्हाइट बॅलन्सचा. चौकटीत सगळीकडे पिवळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं दिव्याचा पिवळा उजेड आहे, आणि तो इमानेइतबारे निळा मिसळतो. माणसांचे पांढरे सदरे निळसर, भंडारा लिंबू. उन्हाचं साधं सेटिंग, ५,२०० केल्व्हिनच्या आसपास, लावून विसरून जायचं होतं. सोन्याची जेजुरी म्हणतात ती सोन्याचीच दिसली असती.

रॉ फायलींत हे जवळजवळ सगळं परत मिळालं. लाल वाहिनीत अजून जागा होती, व्हाइट बॅलन्स हवा तसा बसवता आला. पण दुपारी तीननंतर कार्ड भरत आलं म्हणून साहेबांनी रॉ बंद करून नुसतं जेपेग ठेवलं होतं. शेवटच्या २१० फ्रेम. त्यात पालखी कऱ्हेच्या पाण्यापाशी पोचल्याचे फोटो. त्यांचं मी काही करू शकले नाही, आणि त्याबद्दल तो आजही माझ्यावरच रुसल्यासारखा वागतो.

स्वॉब आणि हळद

आता सफाई. दुकानात नेमकं काय केलं, हे त्याने समोर उभं राहून पाहिलं होतं: हवेचा फुगा मारला नाही, थेट ओला स्वॉब (सेन्सर पुसायची पट्टी), आणि तोच स्वॉब चार वेळा इकडून तिकडे. सुटी धूळ उडवल्याशिवाय ओलं फिरवणं म्हणजे केर न काढता फरशी पुसणं. केर गेला नाही, चिखल झाला. हळद मऊ असते, ती काचेला ओरखडा काढणार नाही. पण गडाच्या पायऱ्यांची दगडी धूळ काढू शकते आणि ती भंडाऱ्यात मिसळलेली असतेच. नशीब त्याचं, ओरखडा नव्हता.

कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच थरथरवून धूळ झटकायची सोय असते. २००३ च्या ऑलिंपस ई-१ पासून ती चालत आली आहे आणि कोरड्या धुळीला ती चांगली. पण हळदीत तेल असतं. तेलकट कण काचेला धरून बसतो, थरथरीला भीक घालत नाही.

बाथरूममध्ये फरशीवर पाणी मारलं, एग्झॉस्ट बंद केला, दार लावलं. पाणी मारल्याने हवेतली धूळ खाली बसते. बॅटरी पूर्ण चार्ज, कारण मेनूतून आरसा वर घेतल्यावर मधेच बॅटरी संपली तर आरसा आणि शटर स्वॉबवरच आदळतील. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी फुगा पंधरा वेळा, नळी माउंटच्या (लेन्स बसते त्या तोंडाच्या) आत न घालता. डब्यातली दाबाची हवा कधीच नाही. तिच्यातला द्रव सेन्सरवर फवारला जातो. पुन्हा चाचणी-फोटो. चौदाचे नऊ झाले.

मग स्वॉब. फुलफ्रेमला २४ मिलिमीटर रुंदीचा, सेन्सरच्या उंचीएवढा. मिथेनॉलच्या द्रवाचे दोन थेंब, तिसरा नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एका दमात, मग स्वॉब उलटा करून परत, आणि थेट कचऱ्यात. पहिला स्वॉब उजेडात धरला तर कडेला फिकट पिवळी रेघ. भाच्याने तोंड वासलं. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणून पाण्याचा बोळा फिरवणाऱ्याच्या हाती फक्त पसरलेली हळद लागते. साडीवरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात टाकला की उडतो, हे आमच्या आईला माहीत होतं. सेन्सरला उन्हात टाकता येत नाही, एवढाच फरक.

दुसऱ्या स्वॉबने थुंकीचं कडं गेलं. तिसरा फिरवला, काच कोरडी होईपर्यंत थांबून पुन्हा पाहिलं: फराटे नाहीत, दोन ठिपके शिल्लक, दोन्ही खालच्या कडेला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. फोटोत खाली दिसणारा ठिपका सेन्सरवर वर असतो, कारण लेन्स प्रतिमा उलटी पाडते. डावं-उजवं मात्र, माउंटमधून समोरून पाहताना, फोटोसारखंच राहतं. भाच्याला ते दोन्हीही काढायचे होते. मी नाही म्हणाले. कडेचे दोन ठिपके एका क्लिकमध्ये जातात. चौथा स्वॉब फिरवताना कोपऱ्यातलं ग्रीस ओढून आणलं तर रात्र त्यातच गेली असती.

भंडारा कोणता, धूळ कोणती

कॅमेरा स्वच्छ झाला. सोमवारचे फोटो होते तसेच होते.

बऱ्याच कॅमेऱ्यांत धुळीचा संदर्भ-फोटो घेऊन ठेवायची सोय असते. निकॉन त्याला ‘इमेज डस्ट ऑफ’ म्हणतं, कॅनन ‘डस्ट डिलीट डेटा’. त्या त्या कंपनीचं सॉफ्टवेअर मग तो नकाशा वापरून ठिपके पुसतं. पण नकाशा धूळ जागेवर असताना घ्यावा लागतो, आणि दुकानाच्या स्वॉबने सोमवारची धूळ हलवून टाकली होती. म्हणून मी चाचणी-फोटो आधी, बाकी सगळं नंतर असा हट्ट धरते.

आणि एरवी जे सहज जमतं, ते इथे जमेना. ठिपके शोधून पुसणारं हत्यार चालवलं, तर त्याने आभाळातल्या भंडाऱ्यालाच धूळ समजून घास घेतला. एका फोटोत एका आजोबांनी मूठ उघडून भंडारा उधळलेला, डोक्यावर त्याचा ढग, आणि ढगाच्या कडेला सुटे कण. शंभर टक्के मोठं करून पाहिलं. ऊन पडलेले कण चकचकीत पिवळे, ते ओळखता येतात. पण सूर्याच्या बाजूचे कण मागून उजळलेल्या आभाळापुढे काळेच दिसतात. दहा-बारा पिक्सेलचा, गोल, मऊ कडांचा काळा ठिपका. हा हवेतला भंडारा की सेन्सरवरचा? सोमवारी सकाळी तोच दाणा हवेतही असेल आणि दुपारी सेन्सरवरही.

उत्तर एका फोटोत सापडतच नाही. भंडारा जागा बदलतो, सेन्सरची धूळ बदलत नाही. म्हणून दुपारच्या टप्प्यातल्या, आभाळ भरपूर असलेल्या, एफ/१६ च्या चाळीस फ्रेम फोटोशॉपमध्ये एकावर एक रचल्या आणि प्रत्येक पिक्सेलचा मध्यक, म्हणजे चाळीस फ्रेममधली मधली किंमत, काढून घेतला. माणसं गेली, निशाणं गेली, भंडाऱ्याचे ढग विरले. राहिला एक मळकट निळा पट आणि त्यावर ठाम बसलेले सदतीस ठिपके. सोमवारचा नकाशा, दोन दिवस उशिरा.

मग मला चैन पडेना. दिवस लेन्स-बदलानुसार तोडला; कोणत्या फ्रेमला कोणती लेन्स होती हे फायलीतच नोंदलेलं असतं. गडावर चढताना ५ ठिपके. पहिल्या बदलानंतर ९. दुसऱ्यानंतर १२. तिसऱ्यानंतर एकदम २९.

"तिसऱ्यांदा लेन्स कुठे बदललीस?"

त्याने आठवून सांगितलं: पालखी बाहेर पडताना, दरवाजाशी, "येळकोट येळकोट" चालू असताना, कॅमेरा गळ्यात, तोंड वर करून. वरून सज्जातले लोक भंडारा उधळत होते आणि याच्या कॅमेऱ्याचं माउंट परडीसारखं खाली उघडं. कॅमेरा बंद करायचाही राहिला होता. चौथ्या बदलात उरलेले आठ.

नकाशा हाती आल्यावर काम सरळ झालं. एका फोटोत सदतीस जागा हाताने दुरुस्त केल्या आणि त्याच दुरुस्त्या त्या टप्प्यातल्या इतर फायलींवर चढवल्या. आभाळातल्या बिनबोभाट बसल्या. माणसांच्या कपड्यांवर पडलेल्या एकेक तपासून बंद केल्या, कारण नक्षीच्या पागोट्यावर दुरुस्ती चढली की पागोटंच चुकतं. पाच फोटोंना दोन संध्याकाळी गेल्या. सहावा, दरवाजातला, आम्ही सोडला. तिथे ठिपका थेट एका बाईच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर बसला होता, आणि तिथे मी काहीही केलं तरी ती दुसरीच बाई दिसायला लागली.

एक वाद मात्र झाला. दीपमाळेच्या फोटोत उजवीकडे वर एक काळा ठिपका होता, आणि भाच्याने पहिल्या दिवशीच तो पुसला होता. नकाशात त्या जागी काहीच नव्हतं. आधीची फ्रेम उघडली: ठिपका तिथेच, पण वीस पिक्सेल डावीकडे. त्याआधीच्या फ्रेममध्ये आणखी डावीकडे, आणि तिथे त्याला पंख होते. घार होती. मी ती परत ठेवायला लावली.

प्रदर्शनाला मी शनिवारी गेले. दीपमाळेच्या प्रिंटसमोर गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. भाच्याला जवळ बोलावून त्यांनी उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "फोटो छान आहे. पण सेन्सर एकदा साफ करून घ्या."